महासाथीत पाळणा पुन्हा फिरवायचा तर

बेळगावातल्या अनगोळला माझ्या माहेरच्या घरामागे एक मोकळा प्लॉट आहे. २०२० चा अख्खा पावसाळा तिथे एक आकाशपाळणा आडवा पडून होता. मधला आस, लांबलांब लोखंडी पट्ट्या, लाल-पिवळे सोळा डबे, डिझेलचा जनरेटर आणि सगळ्यावर निळी ताडपत्री. आमच्याकडचा पाऊस असा, की ताडपत्रीखालीही नटबोल्ट गंजून एकजीव झाले. पाळण्याचे मालक शेजारचेच, आम्ही त्यांना काका म्हणतो. जानेवारी ते मे गावोगावच्या यात्रा करायच्या आणि पावसाळ्यात घरी डागडुजी करायची, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम. मार्च २०२० मध्ये कलबुर्गीत देशातला पहिला कोरोना मृत्यू नोंदला गेला. लगेच कर्नाटकात मॉल, थिएटरं, मेळे बंद झाले. २५ मार्चपासून सगळा देशच बंद झाला आणि काकांचा सीझन तिथेच संपला.

ऑक्टोबरात थिएटरं उघडल्याची बातमी आली तेव्हा माझ्या भाच्याने विचारलं, "आत्या, थिएटर तर बंद खोलीत असतंय. काकांचा पाळणा बाहेर आहे की. मग तो का नाही सुरू?"

मी हायस्कुलात विज्ञान शिकवते. त्या दिवशी मी "सरकार ठरवतंय रे बाळ" एवढंच म्हटलं, आणि ते उत्तर मला बरेच दिवस टोचत राहिलं. प्रश्न अगदी बरोबर होता. करमणुकीची जागा साथीत पुन्हा उघडायची म्हणजे नेमकं काय बघायचं, हे त्याला आज जसं सांगेन तसं इथे सांगते.

आधी कागदावर काय होतं ते. आपले बेळगावचे खासदार आणि रेल्वे राज्यमंत्री सुरेश अंगडी २३ सप्टेंबर २०२० ला कोरोनाने गेले. बरोबर आठवड्याने, ३० सप्टेंबरला, केंद्राची 'अनलॉक ५' ची नियमावली आली. कंटेनमेंट झोनच्या बाहेर १५ ऑक्टोबरपासून थिएटरं निम्म्या खुर्च्यांवर चालवायला मुभा मिळाली, आणि त्याच यादीत मनोरंजन पार्कही होते. ८ ऑक्टोबरला आरोग्य मंत्रालयाने पार्कांसाठी वेगळी कार्यपद्धती दिली. मास्क, सहा फुटांचं अंतर, दारात ताप मोजणं, खाण्याच्या ठिकाणी निम्म्याच खुर्च्या, पोहण्याचे तलाव बंद, पाण्याच्या खेळांत पाणी गाळून क्लोरीन घालणं, एसी २४ ते ३० अंशांत, असं त्यात बरंच काही होतं.

तो कागद वाचताना कळतं, की तो कुंपण, गेट आणि तिकीटखिडकी असलेल्या जागांसाठी लिहिलाय. बेंगळुरूचं वंडरला किंवा खोपोलीजवळचं इमॅजिका डोळ्यांपुढे ठेवून. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या बहुतेक पोरांचा थीम पार्क म्हणजे यात्रेतला पाळणा, टोरा-टोरा, ब्रेक डान्स आणि मौत का कुआँ. यात्रेला परवानगी नाही म्हणजे पाळण्यालाही नाही, एवढा साधा हिशेब आमच्याकडे लागला. पाळण्याचा स्वतंत्र विचार कुणी केलाच नाही.

धूर जिथे जाईल तिथे श्वास जातो

निपाणी भागातल्या माणसाला तंबाखूच्या धुराचा वास ओळखायला शिकवावं लागत नाही. म्हणून मी मुलांना सांगते, प्रत्येक माणूस बिडी ओढतोय असं समजा. त्याच्या तोंडातून निघालेला धूर तुमच्या नाकापर्यंत कुठे पोचेल आणि कुठे नाही?

बोलताना, खोकताना तोंडातून थेंब उडतात. त्यातले मोठे थेंब चार-सहा फुटांत खाली पडतात. सहा फुटांचा नियम त्यांच्यासाठी आहे. पण त्यांच्याबरोबर अगदी सूक्ष्म कणही बाहेर पडतात. ते धुरासारखे तरंगतात आणि बंद खोलीत बराच वेळ राहतात. सुरुवातीचे काही महिने जगभर भर होता मोठ्या थेंबांवर आणि हात धुण्यावर. जुलै २०२० मध्ये २३९ शास्त्रज्ञांनी जागतिक आरोग्य संघटनेला जाहीर पत्र लिहून सांगितलं, की हवेतून होणाऱ्या प्रसाराकडे दुर्लक्ष करू नका. हळूहळू ते सगळीकडे मान्य झालं. आपली ऑक्टोबरची नियमावली मात्र अजून निम्मी जुन्या समजुतीवर उभी होती.

आता बिडी घेऊन पार्कात फिरा. आकाशपाळण्यात वर गेलात तर शेजारच्या डब्यातला धूर वाऱ्याने कुठल्या कुठे जाईल. खाली रांगेत उभे राहिलात तर पुढच्याचा धूर सरळ तुमच्या तोंडावर. काळोख्या भूतबंगल्यात, जिथे एक गाडी बाहेर पडते आणि दुसरी आत शिरते, तिथे तर आधीची माणसं निघून गेली तरी त्यांचा धूर मागे राहतो. तुम्ही ज्यांना पाहिलंही नाही त्यांचा श्वास तुम्ही घेता. तिथे सहा फुटांची खूण मारून काही साधत नाही. तिथे हवा बदलावी लागते.

हवा बदलतेय की नाही हे मोजता येतं. आपल्या उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो. बाहेरच्या हवेत त्याचं प्रमाण दहा लाख भागांत चारशेच्या थोडं वर. खोलीत हा आकडा हजाराच्या पुढे सरकायला लागला, की समजायचं आपण एकमेकांची उष्टी हवा घेतोय. त्यासाठीचं यंत्र तळहातावर मावतं. दारात ताप मोजायची बंदूक घेऊन एक माणूस उभा करण्याऐवजी प्रत्येक बंद दालनात असं एक यंत्र लावलं असतं, तर पैसे जास्त सत्कारणी लागले असते असं माझं स्पष्ट मत आहे.

आवाजाचंही यात मोठं काम असतं. मोठ्याने बोललं, गायलं, किंचाळलं की कण कित्येक पटींनी जास्त बाहेर पडतात. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट व्हॅली भागात १० मार्च २०२० ला एका गायनवृंदाची तालीम झाली. आपल्याकडे भजनी मंडळ जमतं तशीच ती मंडळी. ६१ जण, अडीच तास, त्यातला एक आधीच आजारी. पुढच्या काही दिवसांत निश्चित आणि संशयित मिळून ५३ जणांना लागण झाली, दोघे दगावले. म्हणूनच जपानमधल्या पार्कांनी उघडताना लोकांना विनंती केली, की रोलर कोस्टरवर ओरडू नका. फुजी-क्यू हायलँड या पार्कने तर आपल्या दोन अधिकाऱ्यांना मास्क लावून, टाय घालून कोस्टरमध्ये बसवलं आणि त्यांचा व्हिडिओ काढला. दोघेही दगडासारखे गप्प. शेवटी संदेश होता, की मनातल्या मनात किंचाळा. आपल्या यात्रेत पोरांना असं गप्प बसवणं मला तरी शक्य दिसत नाही. मोकळ्या हवेत वेगाने जाताना नीट बसलेला मास्क त्याहून जास्त कामाचा.

रांगेचं गणित

खरी मेख इथे आहे, म्हणून वही-पेन घ्या.

एका कोस्टरच्या गाडीत २४ जण बसतात असं धरू. चढणं, फिरणं, उतरणं मिळून ३ मिनिटं. तासाला २० फेऱ्या, म्हणजे ४८० माणसं. समजा तासाला तेवढीच माणसं येतात, त्यामुळे रांग फारशी वाढत नाही. आता साथ आली. एक ओळ सोडून बसवायचं, म्हणजे गाडीत १२. प्रत्येक फेरीनंतर दांडे पुसायचे, त्याला एक मिनिट. फेरी ४ मिनिटांची झाली, तासाला १५ फेऱ्या. १५ गुणिले १२ म्हणजे १८०.

पार्कने नियम पाळून दारातून निम्मीच माणसं आत सोडली, तर कोस्टरपाशी तासाला २४० येणार आणि १८० सुटणार. दर तासाला ६० माणसं मागे राहणार. तीन तासांनी रांगेत १८० जण, आणि शेवटच्या माणसाला तासभर उभं राहायचंय. माणसामाणसात सहा फूट सोडले तर ही रांग १०८० फूट लांब होईल. चौघांचं कुटुंब एकत्र धरलं तरी ४५ गट होतात.

म्हणजे माणसं निम्मी केली आणि रांग आधीपेक्षा मोठी झाली. लागण किती होईल हे तीन गोष्टींवर ठरतं. तुम्ही किती जवळ आहात, किती वेळ आहात आणि तिथली हवा कशी आहे. त्या काळात निकटचा संपर्क म्हणजे सहा फुटांच्या आत एकूण १५ मिनिटं, अशी ढोबळ व्याख्या वापरत. कोस्टरवर तुम्ही तीन मिनिटं, वाऱ्यात. रांगेत साठ मिनिटं, पत्र्याच्या छपराखाली. नियम कोस्टरवरच्या खुर्च्या मोजत होता आणि धोका खाली रांगेत वाढत होता.

हे ज्यांना कळलं त्यांनी टक्केवारी आणखी खाली आणली. शांघायचं डिस्नीलँड २५ जानेवारी २०२० ला बंद झालं आणि ११ मे ला उघडलं. दिवसाला ८०,००० माणसं मावणारी ती जागा. तिथल्या सरकारने ३० टक्क्यांची, म्हणजे २४,००० ची मर्यादा घातली होती, आणि पार्कने सुरुवात त्याच्याही बरीच खालून केली. ठरल्या तारखेचं तिकीट आधीच काढायचं आणि रांगेत पिवळ्या चौकटीत उभं राहायचं. मिरवणुका आणि रात्रीचं दारूकाम बंद ठेवलं, कारण त्यावेळी सगळे एकाच जागी दाटतात. पण त्यातही एक पेच आहे. मिरवणूक बंद केली, की ती बघणारी माणसं जातात कुठे? तीही रांगेत. म्हणून एखादी गोष्ट बंद करताना तिथली गर्दी कुठे सरकेल हे आधी बघावं लागतं.

फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्डने ११ जुलै २०२० ला दार उघडलं तेव्हा तिथे वेगळीच पळवाट निघाली. लोक हातात खाऊ धरून फिरायचे, म्हणजे मास्क काढलेलाच राहायचा. आठवड्याभरातच नियम आला, खायचं-प्यायचं तर एका जागी थांबून. भेळेचा कागद हातात घेऊन फिरणाऱ्या आपल्याला हे पटायला वेळ लागणार नाही.

पृष्ठभाग आणि पाणी यांच्याबद्दल थोडक्यात. प्लॅस्टिकवर विषाणू तीन दिवसांपर्यंत टिकतो असं मार्च २०२० मध्ये प्रयोगशाळेत दिसलं होतं, म्हणून सगळं पुसायची धावपळ झाली. वर्षभराने अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने सांगितलं, की दूषित वस्तूला हात लागून लागण होण्याची शक्यता साधारणपणे दर स्पर्शामागे दहा हजारांत एकापेक्षाही कमी. हात धुवावेतच, पण दर फेरीला दांडा पुसण्यासाठी रांग लांबवणं हा तोट्याचा व्यवहार. पाण्याचंही तसंच. क्लोरीन नीट घातलेल्या पाण्यात हा विषाणू तग धरत नाही. वॉटर पार्कमध्ये बघायची जागा म्हणजे कपडे बदलायची खोली. दमट, कोंदट, आणि तिथे कुणाच्याच तोंडावर मास्क नाही.

कोगनोळीचा नाका आणि बसमधले सहा इंच

आपल्या भागात पार्कच्या दाराआधी आणखी एक दार असतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये महाराष्ट्रातून कर्नाटकात येणाऱ्यांना ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर निगेटिव्ह रिपोर्ट सक्तीचा झाला. माझी नणंद महाराष्ट्रात कागलला दिलेली. मुलांना घेऊन ती निपाणीपर्यंत येणार होती. सीमेवरच्या कोगनोळी नाक्याला गाड्यांची रांग लागलेली. धुळीमुळे काचा वर, एसी चालू, मागच्या सीटवर चार मुलं आणि पुढे तिच्या जावेची दोघं. तिथे ती सव्वा तास होती, आणि शेवटी एकाचा रिपोर्ट जुना निघाला म्हणून सगळे परत कागलला.

रिपोर्ट काय सांगतो? स्वॅब घेतला त्या क्षणी नाकात सापडण्याइतका विषाणू नव्हता, एवढंच. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला सरासरी पाच-सहा दिवस लागत, कधी चौदाही. रविवारी लग्नात लागण झाली, सोमवारी स्वॅब दिला, तर रिपोर्ट निगेटिव्ह येईल. गुरुवारी तोच कागद दाखवून माणूस आत येईल तेव्हा तो दुसऱ्याला देण्याच्या स्थितीत असू शकतो. तापाच्या बंदुकीचं तर विचारूच नका. लक्षणं यायच्या आधीच माणूस साथ पसरवतो, आणि ताप नसलेल्यात ती बंदूक काहीच पकडत नाही. या दोन्ही गोष्टी चाळणीसारख्या आहेत, काही जण अडतात. त्यांच्या भरवशावर आत मास्क सैल सोडला तर मात्र नुकसान होतं.

दोन राज्यांचे नियम वेगळे असले, की माणसं सैल नियमाकडे वाहतात. केंद्राने परवानगी दिली तरी शेवटचा शब्द राज्यांचा होता. कर्नाटकात थिएटरं १५ ऑक्टोबर २०२० पासून सुरू करता आली, महाराष्ट्रात ५ नोव्हेंबरपासून. कागल आणि निपाणी यांच्यात पाऊण तासाचंही अंतर नाही. एका बाजूचा आकडा ठरवताना दुसऱ्या बाजूची माणसं धरायलाच हवीत. ती येणारच, कारण सोयरीक तिकडे, बाजार इकडे.

आणि येणार कशाने? वडापच्या जीपमध्ये किंवा सहलीच्या बसमध्ये. बेळगावहून बेंगळुरू पाचशे किलोमीटर, रात्रभराचा प्रवास. पन्नास मुलं, बंद काचा, अंताक्षरी. पार्कात सहा फुटांच्या खुणा आणि बसमध्ये खांद्याला खांदा. शाळेतली बाई म्हणून सांगते, सहल ठरवताना पार्कातले नियम विचारून आपण समाधानी होतो आणि बसच्या खिडक्या उघडतात का हे विचारतच नाही. पुन्हा अशी वेळ आली तर पहिला प्रश्न हाच विचारेन.

उघडायचं कधी, हाही तारखेचा प्रश्न नाही. मे २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक खूण सांगितली होती. पुरेशा चाचण्या होत असताना शंभरात पाचपेक्षा कमी बाधित निघायला हवेत, तेही सलग चौदा दिवस. चौदाच का? कारण आज दार उघडल्याचा परिणाम आज दिसत नाही. लागण, मग लक्षणं, मग चाचणी, मग दवाखाना, यात दोन-तीन आठवडे जातात. आज ३० टक्के, परवा ५०, तेरवा ७५ असं केलं तर कुठल्या पायरीवर चुकलं ते कळत नाही. हाँगकाँगचं डिस्नीलँड जानेवारी २०२० मध्ये बंद झालं, १८ जूनला उघडलं, १५ जुलैला पुन्हा बंद झालं, २५ सप्टेंबरला उघडलं, २ डिसेंबरला परत बंद. याला मी अपयश म्हणणार नाही. आकडे बघून दार लावायची तयारी ठेवली, म्हणून दर वेळी ते उघडताही आलं.

बंद राहण्याचीही किंमत असते, आणि ती मोजणारी माणसं वेगळी असतात. सप्टेंबर २०२० च्या शेवटी डिस्नेने अमेरिकेतल्या २८,००० लोकांना कामावरून काढायचं जाहीर केलं. आमच्याकडे कुणी काही जाहीर केलं नाही. पाळण्यावर काम करणारी पोरं वीटभट्टीवर गेली, एक भाजीची गाडी लावू लागला. पुढे यंत्र उभं करायची वेळ आली तेव्हा बोल्ट किती आवळायचा हे हाताला माहीत असलेली माणसंच जवळ नव्हती. मोठे पार्क उघडण्याआधी गाड्यांमध्ये पाण्याने भरलेले पुतळे किंवा वाळूची पोती ठेवून रिकाम्या फेऱ्या घेतात. काकांनीही डब्यांत वाळूची पोती घालून दोन दिवस पाळणा फिरवला. गंजलेले सगळे बोल्ट बदलले.

२०२१ च्या सुरुवातीला खानापूर तालुक्यातल्या एका गावाने लहान प्रमाणात यात्रा केली. पाळण्याला परवानगी मिळाली ती एका अटीवर, एकाआड एक डबा रिकामा ठेवायचा. काका मला म्हणाले, "बाई, तू शिकवतेस न्हवं, मला सांग. रिकामा डबा फिरवून कुणाचं भलं हुतंय?"

आम्ही दोघांनी टेप घेऊन मोजलं. पाळण्याचा व्यास चाळीस फूट, म्हणजे घेर सव्वाशे फुटांच्या आसपास. सोळा डबे. दोन डब्यांमध्ये जवळपास आठ फूट अंतर मुळातच होतं, आणि तेही वाऱ्यावर. निम्मे डबे रिकामे ठेवले तर वर काही फरक पडत नव्हता, खालची रांग तेवढी दुप्पट होत होती. पंचांना हे कागदावर काढून दाखवलं. त्यांना पटलं. सगळे डबे भरायचे, पण एका डब्यात एकच घर, अनोळखी माणसं एकत्र बसवायची नाहीत, असं ठरलं.

मग रांग. काकांनी पत्र्याचे अठ्ठेचाळीस बिल्ले कापले आणि त्यावर लाल रंगाने आकडे घातले. एका घराला एक बिल्ला. बिल्ला घ्यायचा आणि मैदानात कुठेही फिरायचं, पाळण्याखाली थांबायचं नाही. जमिनीवर फक्कीने फक्त सोळा चौकोन आखले, पुढच्या फेरीपुरते. कर्ण्यावरून काका पुकारायचे, "सतरा ते बत्तीस या हो, हदिनेळरिंद मूवत्तेरडु." माणसं मैदानाच्या चार कोपऱ्यांतून यायची, चौकोनात उभी राहायची, चढायची. पहिल्या रात्री मी दोन तास तिथे होते. चौकोनांबाहेर एकदाही रांग लागली नाही.

एप्रिलमध्ये दुसरी लाट आली, २७ एप्रिलपासून राज्य पुन्हा बंद झालं आणि पाळणा परत ताडपत्रीखाली गेला. बिल्ले काकांनी बिस्किटांच्या डब्यात भरून ठेवले. ते त्यांनी अजून टाकलेले नाहीत. गेल्या यात्रेत गर्दी वाढली तसा तो डबा बाहेर निघाला, आणि नऊ नंबरचा बिल्ला हरवला म्हणून भाच्याने पुठ्ठ्यावर नवा करून दिला.